गरम पाण्याला जोर नसेल तर
गच्चीवरील टाकीतून येणाऱ्या पाण्याला दर 10 मीटर उंचीमागे साधारण 1 बार दाब मिळतो, त्यामुळे अगदी वरच्या मजल्यावर, जिथे ही उंची जेमतेम 3 मीटर भरते, शॉवरला धार बारीक येणारच. मात्र थंड पाणी जोरात आणि फक्त गरम पाणी कमी येत असेल, तर दाब वाढवणारा पंप घेण्याआधी गीझरच्या नळीत साचलेला पांढरा क्षार काढून घ्यावा. पंप टाकीतून निघणाऱ्या मुख्य पाइपवर बसवावा, म्हणजे दोन्ही पाण्यांचा दाब सारखा राहतो. गीझरवर छापलेली दाबाची मर्यादा आधी पाहावी. सोलरच्या साध्या, दाब न सोसणाऱ्या टाकीत पंपाने पाणी मुळीच ढकलू नये, ती फुटू शकते. तिथे गरम पाण्यासाठीचाच पंप बाहेर जाणाऱ्या पाइपवर लावावा.