जुन्या फोनोग्राफच्या पेटीला हात लावायच्या आधीची तयारी

पहिलं काम म्हणजे पॉलिश पेपर नजरेआड करा. बऱ्याच पेट्यांवरचा देखणा ओक नाहीतर महोगनी म्हणजे पातळ व्हिनियर (वरून चिकटवलेला लाकडाचा पापुद्रा) असतं, थोडा जास्त हात फिरला की खालचं लाकूड उघडं पडतं आणि ते झाकायला पॉलिश पुरत नाही.

मग पेटी रिकामी करायची. फोटो काढून ठेवा, स्क्रू त्या त्या भागाचं नाव लिहिलेल्या पाकिटात. मोटर काढण्याआधी ब्रेक सोडून स्प्रिंग पूर्ण उतरू द्या, ताणलेली स्प्रिंग सुटली तर हाताला जबर लागतं, आणि स्प्रिंगचा डबा उघडायचाच नाही. साउंडबॉक्सही (सुईच्या कंपनांचा आवाज करणारा भाग) काढून ठेवा, आत बरेचदा अभ्रकाची चकती असते, ती लगेच तडकते.

आता खरी गोष्ट. आधीचं पॉलिश कुठलं ते कळल्याशिवाय सामान आणू नका. न दिसणाऱ्या जागी कापसाच्या काडीने मिथिलेटेड स्पिरिट लावा, चिकट झालं तर चपडा, म्हणजे लाखेचं पॉलिश, जुन्या पेट्यांवर तो खूप सापडतो. स्पिरिटने काही नाही पण लॅकर थिनरने मऊ झालं तर लॅकर, ते साधारण 1920 नंतरचं. चपडा निघाला तर उत्तमच, खरवडायची गरजच नाही, भेगाळलेला थर स्पिरिटनेच परत एकजीव होतो. जुन्या 78 च्या (मिनिटाला 78 फेऱ्यांच्या) रेकॉर्ड्स मात्र लांब ठेवा, त्यातही लाखच असते, स्पिरिटचे थेंब उडाले तर त्या गेल्या.

मळ काढायला मिनरल टर्पेन्टाइन आणि मऊ कापड, पाणी नको, सरसाचे जोड सुटतात. झाकणावरच्या कंपनीच्या डीकॅलवर (चिकटवलेल्या छापील चिन्हावर) फक्त कोरडं कापड, टेपसुद्धा चिकटवू नका (ते एकदा निघालं की पेटीची निम्मी ओळख गेली).

नवा थर द्यायला चपड्याचे ताजे पापुद्रे घ्या, लिटरभर स्पिरिटला साधारण 240 ग्रॅम, गाळून बाटलीवर तारीख टाका, फार जुनं झालेलं मिश्रण नीट वाळत नाही, चिकटच राहतं. सोबत 0000 ची (सगळ्यात बारीक) स्टील वूल, सुती कापड, हातमोजे. दमट दिवशी काम काढू नका, पॉलिश पांढरट पडतं. खिडक्या उघड्या, जवळ शेगडी नाही, आणि जवसाचं तेल वापरणार असाल तर चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकायच्या नाहीत, पसरून वाळवा, त्या आपोआप पेट घेतात.