पारदर्शक जीवांना रंगीत उजेड

तलावाच्या पाण्यातले पारदर्शक जीव सूक्ष्मदर्शकाखाली साध्या उजेडात धड दिसत नाहीत आणि रंगद्रव्य घातलं की बहुतेक मरतात. अशा वेळी ऱ्हाइनबर्ग प्रकाशयोजना, म्हणजे पार्श्वभूमी एका रंगाची ठेवून जीव दुसऱ्या रंगात उजळवण्याची पद्धत, जरूर करून बघा. ज्युलियस ऱ्हाइनबर्ग यांनी ती १८९६ मध्ये मांडली आणि आजही ती घरी जमते.

कंडेन्सर म्हणजे स्लाइडवर खालून उजेड एकवटणारं भिंग; त्याखालच्या फिल्टर होल्डरच्या मापाची ओएचपी शीट (पारदर्शक प्लास्टिकचा कागद) गोल कापा. मधोमध निळ्या जिलेटिन पेपरची टिकली, भोवती पिवळं कडं. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रहमान स्ट्रीटवर स्टेशनरीच्या दुकानांत असे कागद मिळतात.

सगळी मेख टिकलीच्या मापात आहे. चकती होल्डरमध्ये ठेवून १०एक्स ऑब्जेक्टिव्हने (स्लाइडजवळच्या दहापट भिंगाने) स्लाइड फोकस करा, कंडेन्सरचा आयरिस (उजेड कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण उघडा, मग आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) काढून नळीत बघा. उजेडाचं वर्तुळ काठोकाठ निळं हवं. कडेला पिवळी कोर दिसली तर टिकली लहान आहे, जराशी मोठी कापा. निळा कागद दोन-तीन पदरी घ्या, कारण थेट येणारा उजेड जीवावरून विखुरणाऱ्या उजेडापेक्षा कितीतरी प्रखर असतो. टिकली फिकट राहिली तर पिवळा रंग त्यात बुडून जातो.

आता पवई तलावाच्या पाण्याचा थेंब ठेवा. गडद निळ्यावर रोटिफर हा सूक्ष्म जलजीव पिवळाधमक उजळतो, डोक्याशी फिरणारे केससुद्धा वेगळे दिसतात. हे बघताना खरंच भान हरपतं. ४एक्स आणि १०एक्सला पद्धत उत्तम चालते. ४०एक्सला मात्र तिच्या नादी लागू नका.