कुत्रा हाकेला येत नाही? आधी ती हाक बदला

आमचा तांबडू दीड वर्षाचा होईपर्यंत गोव्यातल्या मांद्र्याच्या वाड्यावर माझी ओळख ‘ती कुत्र्यामागे धावणारी’ अशीच होती. सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलीचा पोंऽ पोंऽ ऐकू आला की हा गेटखालून सटकायचा आणि मागून मी, पायांत एकच चप्पल, ‘यो, यो, यो रे!’ ओरडत. त्यानंतर घरची आणि शेजारची मिळून पाच कुत्री मी शिकवली. त्यामुळे ‘वय झालं की आपोआप सुधारेल’, ‘परत आला की दोन ठेवून द्या’, ‘शॉकचा पट्टा बांधा’ हे सल्ले आता ऐकवत नाहीत. परत आल्यावर मार खाल्लेला कुत्रा एवढंच शिकतो, की परत यायचं नसतं.

‘यो’, म्हणजे कोकणीतलं ‘ये’, टाकून द्या. आपल्या घरात पाहुण्याला यो, पोरांना यो, मासळीवालीला यो. कुत्र्याच्या कानावर तो शब्द दिवसभर पडतो आणि त्यातून त्याच्यासाठी काही निघत नाही. निघालंच तर आंघोळ, गोचिड्या काढणं, नाहीतर साखळी. मी नवा शब्द घेतला ‘खाजं’, जत्रेत मिळणारा गोड खाऊ. जत्रेचे दिवस सोडले तर तो आमच्याकडे कुणी मोठ्याने उच्चारत नाही. घरातल्या सगळ्यांनी तो एकाच सुरात म्हणायचा. रागावल्यावर आवाज चढत असेल तर सरळ शिट्टी घ्या. शिट्टीला राग येत नाही.

खाऊ म्हणून बिस्किट नको. उकडलेला बांगडा, काटा न् काटा काढून, हरभऱ्याएवढे तुकडे. किंवा उकडलेली कलेजी. सुक्या बांगड्याचा वास त्याला वेड लावतो खरा, पण त्यात मीठ फार. आणि हा खाऊ फक्त या शब्दालाच, एरवी कशालाही नाही.

चार-पाच दिवस घरात शब्द म्हणा, तुकडा द्या. मग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत बोलवा, मग अंगणात. इथपर्यंत कुठलाही कुत्रा येतो.

खरी गंमत गेटबाहेर. माझे चार महिने इथेच वाया गेले, कारण अंगणात धावत येणारा तांबडू मळ्यातही येईल असं मी धरून चालले होते. मळ्यात बगळे असतात, शेणाचे पो असतात, रात्री कोल्हा कुठून गेला त्याचा वास असतो. तिथे त्याला हाक मारली की कान माझ्याकडे वळायचा, पाय वळायचे नाहीत. आणि मी पुन्हा हाक मारायचे, पुन्हा मारायचे. दहा हाका फुकट गेल्या म्हणजे हाकेला नाही आलं तरी चालतं, हा धडा मीच त्याला दहा वेळा दिला.

म्हणून दोरी. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून दहा मीटर नायलॉनची दोरी आणा. ती छातीच्या पट्ट्याला बांधायची, गळ्याच्या पट्ट्याला कधीच नाही, धावता धावता झटका बसला तर मान दुखावते. दोरी हाताला गुंडाळू नका. मी गुंडाळली होती. मांजर दिसलं, तांबडू उडाला आणि माझ्या दोन बोटांची साल निघाली. आठवडाभर भाकऱ्या नवऱ्याने थापल्या, त्यांचं वर्णन न केलेलं बरं.

आता अंतर मोजा. पोदेर आमच्या गल्लीच्या तोंडाशी थांबतो. साठ पावलांवर तांबडूचे कान भोंग्याकडे, पण हातातला बांगडा खातो. चाळीस पावलांवर तोंडात घेतो, बघत मात्र तिकडेच. तीस पावलांवर बांगडा नाकाशी धरला तरी त्याला दिसत नाही. जिथे कुत्रा खाऊ घेत नाही तिथे हाक मारायची नाही. माझा हा एक नियम पाळलात तरी अर्धं काम झालं. मी आठवडाभर साठ पावलांवरच राहिले, मग पन्नास. लागोपाठ दोनदा चुकला की वीस पावलं मागे. शेजारीण हसायची, ‘अगो, पावासाठी रांग लावलीस की काय?’

हाक कधी मारायची? नाक जमिनीत रुतलेलं असताना नाही. हुंगून झालं की तो डोकं वर काढतो आणि आता कुठे, अशा विचारात क्षणभर थांबतो. तेवढ्यात एकदाच ‘खाजं!’ आणि लगेच उलट्या दिशेने पळत सुटा. त्याच्याकडे धावलात तर त्याला वाटतं पकडापकडी सुरू झाली. तुम्ही दूर पळालात तर तो मागे येतो.

नाहीच आला तर तोंड बंद. दोरी हातात घेत घेत त्याच्यापर्यंत चालत जा, ओढू नका, बोलू नका, त्याला घेऊन आणखी लांब जा.

आला की आधी गळपट्ट्याखाली हात, मग तुकडा, तोही आपल्या गुडघ्यापाशी. नाहीतर तुकडा उचलून दोन हात लांब नाचत राहणारा कुत्रा तयार होतो. मग ‘जा’ म्हणा आणि त्याच वासाकडे परत सोडा. हे कुणी करत नाही. प्रत्येक हाकेनंतर साखळी लागली तर कुत्रा हिशेब करतोच. दहातल्या आठ-नऊ वेळा मोकळा सोडा.

दोरी काढायची घाई नको. दोनेक आठवडे ती नुसती मागे घसटत राहू दे, तुम्ही जवळच असा. मग कापून पाच मीटर, मग दोन, मग हातभर. आणि अंगणात जमलं म्हणजे मळ्यात जमलं असं नाही, नव्या जागी दहा मीटरपासून पुन्हा.

किनाऱ्यावर मात्र मी नोव्हेंबर ते एप्रिल दोरी सोडत नाही, कुत्रा कितीही तयार असो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग इथे रिडले कासवं अंडी घालतात, वाळू उकरणाऱ्या कुत्र्याला वास लागायला वेळ लागत नाही, आणि कासवांना 1972 च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तसंच गणेश चवथीच्या फटाक्यांत आणि दिवाळीत नरकासुर जाळतात त्या रात्री. त्या दिवसांत तांबडू संध्याकाळी पाचनंतर खाटेखाली असतो. मी हाक मारत नाही, बांगड्याची वाटी तिथेच सरकवते.