सिनेमा मुक्कामी, प्रवासात खिडकी

मुलांसाठी सिनेमा टॅबवर आधीच डाउनलोड करून ठेवा, पण धावत्या गाडीत लावू नका. डोळ्यांपुढचा पडदा स्थिर असतो आणि आतल्या कानाला मात्र हालचाल जाणवते. मळमळ सुरू होते ती या विसंगतीमुळे. २ ते १२ वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त होतो. त्यापेक्षा त्यांना खिडकीतून लांबवर बघू द्या आणि दर दोन तासांनी एखादा धबधबा, तळं, उंचावरची मोकळी जागा गाठून निदान १५ मिनिटं थांबा. गाडी वळणावर कधीच लावू नका. सिनेमा रात्री, सगळ्यांनी मिळून. लहानग्यांसाठी दीड तासाच्या आतला बरा. फक्त वयोगटाच्या शिक्क्यावर विसंबू नका, ट्रेलर आधी स्वतः बघा. मारामारीच नव्हे, अंधार आणि आईबाबांची ताटातूट यांनीही चिमुकली घाबरतात.