बॅलास्ट वॉटर ट्रीटमेंट सिस्टीम : निवडताना आणि बसवताना या चुका टाळा

८ सप्टेंबर २०२४ उलटून गेली, आता आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणाऱ्या जवळपास सगळ्या जहाजांना डी-२ (तोल सांभाळायला टँकमध्ये भरलेलं बॅलास्ट पाणी सोडताना त्यात किती जिवंत जीव चालतात त्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा) लागू आहे, त्यामुळे सिस्टीम बसवायची का नाही हा वाद संपला. पण बसवलेली सिस्टीम अर्ध्या बंदरांत नीट चालतच नाही आणि त्याचा ताप सेकंड इंजिनियर आणि चीफ मेटला होतो, हे मी तीन जहाजांवर पाहिलंय. बहुतेक वेळा मशीन चांगलंच असतं, चूक निवडताना नाहीतर पाइप जोडताना झालेली असते.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ब्रोशर बघून सिस्टीम घेणं. आधी जहाज कुठल्या बंदरांत बॅलास्ट घेतं ते बघा, मागच्या दोन-तीन वर्षांचं बॅलास्ट रेकॉर्ड बुक काढून बसा, तिथलं पाणी किती गढूळ, किती खारं, किती थंड ते लिहून काढा, मग यूव्ही (अतिनील प्रकाशाने जीव मारणारी सिस्टीम) का इलेक्ट्रोक्लोरिनेशन (विजेने पाण्यातच क्लोरीन बनवणारी) ते ठरवा. उदाहरण हल्दियाचं घ्या. कोळसा घेऊन आलेलं जहाज तिथे रिकामं होतं, म्हणजे बॅलास्ट तिथेच भरायचा, आणि पावसाळ्यात हुगळीचं पाणी अक्षरशः चहासारखं असतं, शिवाय जवळपास गोडं. यूव्हीचा प्रकाश त्या गाळातून पुढे जातच नाही, इंटेन्सिटी पडते, कंट्रोलर फ्लो कमी करत जातो आणि शेवटी अलार्म. इलेक्ट्रोक्लोरिनेशनला मीठ लागतं, समुद्राच्या पाण्यातल्या क्लोराइडपासूनच ते क्लोरीन बनवतं, त्यामुळे गोड्या पाण्यात तेही हात टेकतं. त्यावर उपाय आहे, आफ्ट पीक टँकमध्ये (जहाजाच्या मागच्या टोकाच्या टाकीत) बाहेरच्या समुद्राचं खारं पाणी भरून आणायचं आणि क्लोरीन बनवणाऱ्या सेलला ते द्यायचं, पण त्यासाठी वेगळी फीड लाइन ड्राय डॉकमध्येच टाकून घ्यावी लागते, नंतर आठवून उपयोग नाही. थंड पाण्याच्या बंदरांत जाणार असाल तर हीटरचंही तेव्हाच बघा.

कपॅसिटीत पण लोक फसतात. पंप तासाला १००० घनमीटरचा म्हणून सिस्टीम पण १००० चीच घेतली जाते. स्वच्छ पाण्यात ठीक आहे. गाळात फिल्टर सारखा बॅकफ्लश होत (उलट पाण्याने धुतला जात) राहतो, तेवढं पाणी परत बाहेर जातं, टँकमध्ये पोचणारं पाणी कमी होतं, आणि तिकडे ग्रॅब क्रेन थांबत नाही, मग ड्राफ्टची (जहाज पाण्यात किती बुडलंय त्याची) धावाधाव. शिवाय बॅकफ्लश नीट व्हायला फिल्टरच्या पुढे पुरेसं प्रेशर लागतं. जुन्या, झिजलेल्या पंपाला ते जमत नाही आणि फिल्टर धुतला जातोय असं दिसलं तरी डिफरन्शियल प्रेशर (फिल्टरच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधला फरक) खाली येत नाही. असं झालं तर फिल्टर उघडायच्या आधी पंपाचा हेड (तो किती प्रेशर देतो ते) तपासा, अर्धा दिवस वाचेल.

बल्क कॅरियरवाल्यांनी टॉपसाइड टँक (मालाच्या होल्डच्या वरच्या कोपऱ्यांतले बॅलास्ट टँक) विसरू नका. हे टँक पूर्वीपासून ग्रॅव्हिटीने थेट ओव्हरबोर्ड (जहाजाबाहेर) सोडायची सवय आहे. यूव्हीमध्ये पाणी सोडतानाही परत ट्रीट करायचं असतं, म्हणजे तो ग्रॅव्हिटीचा रस्ता बंद, पाणी पंपातूनच न्यायला हवं आणि त्याने लोडिंगचा वेळ वाढतो. जहाज लोहखनिज भरायला जात असेल, जिथे शिपलोडर हजारो टन ओततो, तिथे हे आधी न मोजणं फार महागात पडतं. जनरेटरचा लोडही याच हिशोबात धरा, कारण यूव्ही आणि दोन्ही बॅलास्ट पंप एकदम चालू झाले की बऱ्याच जहाजांवर दुसरं जनरेटर लावावंच लागतं.

आता एक अनुभव सांगतो. एका बल्क कॅरियरवर डीबॅलास्ट करताना इंडिकेटिव्ह टेस्ट (पटकन होणारी प्राथमिक चाचणी) फेल झाली, मोठे जीव, म्हणजे ५० मायक्रॉनच्या वरचे, मर्यादेच्या बाहेर (डी-२ मध्ये घनमीटरला १० पेक्षा कमी जिवंत जीव चालतात). आम्ही दोन दिवस यूव्हीमागे लागलो, लॅम्प बघितले, क्वार्ट्झ स्लीव्ह पुसल्या, सेन्सर बदलला, काहीच नाही. शेवटी तिसऱ्या दिवशी मी आणि फिटर टॉर्च घेऊन बॉटम प्लेटखाली शिरलो आणि प्रत्येक लाइन हाताने धरून चालत गेलो, तेव्हा जीएस (जनरल सर्व्हिस) पंपाची जुनी इमर्जन्सी बॅलास्ट जोडणी सापडली, जी ट्रीटमेंट युनिटच्या पुढे, म्हणजे पाणी ट्रीट झाल्यानंतरच्या बाजूला, मेन लाइनला येऊन मिळत होती. व्हॉल्व्ह बंद होता पण उघडला तर सीटवर नखाएवढे बार्नेकल चिकटलेले, डिस्क बसतच नव्हती, आणि समुद्राचं कच्चं पाणी झिरपत होतं. यार्डच्या ड्रॉइंगवर ती जोडणी होती, रेट्रोफिट करणाऱ्यांनी ती ब्लँक (झाकण लावून कायमची बंद) करायची राहून गेली होती. त्यामुळे सांगतो, कमिशनिंगच्या आधी बॅलास्टला जुळणारी प्रत्येक लाइन स्वतः ट्रेस करा, फायर लाइन, जीएस, आफ्ट पीकचा वेगळा रस्ता, स्ट्रिपिंग एडक्टर (पाण्याच्या जोरावर टँकच्या तळाचं उरलेलं पाणी ओढणारा), सगळं. एडक्टरचं ड्रायव्हिंग वॉटर कच्च्या समुद्राचं असेल तर ट्रीट केलेलं पाणी तिथेच खराब होतं.

इलेक्ट्रोक्लोरिनेशनमध्ये टीआरओ (पाण्यात उरलेलं क्लोरीन वगैरे) मोजणाऱ्या सेन्सरचा त्रास रोजचा आहे. डीपीडी रीएजंट (ते मोजायला लागणारं रसायन) एक्स्पायर झालेलं असतं, सॅम्पल लाइन गाळाने बंद असते, रीडिंग चुकीचं येतं आणि सिस्टीम उगाच जास्त क्लोरीन बनवते. रीडिंगवर शंका आली की आधी हातातल्या किटने तपासा. सोडताना टीआरओ साधारण ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटरच्या आत ठेवायचा असतो, म्हणून सोडियम थायोसल्फेटचा (उरलेलं क्लोरीन मारणाऱ्या रसायनाचा) साठा बंदरात पोचायच्या आधी मोजा.

अलार्म वाजला की बायपास करून (पाणी ट्रीट न करता वळवून) पुढे जायची सवय मात्र खरंच सोडा. बायपास व्हॉल्व्ह उघडल्याची वेळ कंट्रोलरच्या मेमरीत बसते आणि पोर्ट स्टेट कंट्रोलवाला (परदेशी जहाजं तपासणारा बंदरातला सरकारी तपासनीस) आधी तेच रेकॉर्ड बुकशी जुळवतो. पाणी खरंच हाताबाहेर असेल तर लिहून ठेवा, पुढच्या बंदराला कळवा, आणि खोल समुद्रात टँक बदलून ट्रीट केलेलं पाणी भरायचा रस्ता आधीच बॅलास्ट प्लॅनमध्ये मंजूर करून घ्या. २०२४ साली आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) यासाठीच अंतरिम मार्गदर्शन काढलंय. हा कागदी खेळ नाही हो. कॅरिबियनकडचा काळ्या पट्ट्याचा शिंपला जहाजांबरोबर येऊन विशाखापट्टणमला आणि नंतर मुंबईच्या नेव्हल डॉकमध्ये बसला तो अजून निघालेला नाही.

अमेरिकेला जायची थोडी जरी शक्यता असेल तर यूएससीजी (अमेरिकन कोस्ट गार्ड) टाइप अप्रूव्हल बघा, आणि त्या सर्टिफिकेटवरच्या अटी शब्दन् शब्द वाचा. काही यूव्ही सिस्टीमना तिथे पाणी टँकमध्ये जास्त तास ठेवावं लागतं आणि छोट्या फेरीत तेवढे तास मिळतच नाहीत.