दोनशे तासांचं लॉगबुक घेऊन डार्विनला येणाऱ्यांसाठी

"ताई, पीपीएल झालंय, उड्डाणाचे साठ तास आहेत. तिकडे पायलटचं काही काम मिळेल का?" असा मेसेज मला सारखा येतो. कधी बारामतीहून, कधी शिरपूरहून, कधी मेलबर्नच्या मूरॅबिन विमानतळावर शिकणाऱ्या एखाद्या मुलाचा. उत्तर आधीच सांगते, म्हणजे तिकिटाचे पैसे वाचतील. पीपीएलवर, म्हणजे खाजगी पायलट परवान्यावर, पगारी उड्डाण करता येत नाही, इथे ऑस्ट्रेलियातही नाही आणि भारतातही नाही. इथे मित्रांना घेऊन उडालात तर खर्च समान वाटून घेता येतो, तेवढंच.

सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलट परवाना, लागतोच. ऑस्ट्रेलियात सलग इंटिग्रेटेड कोर्स केला तर किमान १५० तास, जमेल तसं शिकलात तर २००. भारताचं सीपीएल असेल तर ते कासाकडून, म्हणजे इथल्या हवाई सुरक्षा खात्याकडून, इथलं करून घ्यावं लागतं: हवाई कायदा आणि ह्यूमन फॅक्टर्स (माणसाच्या मर्यादा आणि चुका) यांच्या परीक्षा, क्लास १ मेडिकल तपासणी, मग फ्लाइट टेस्ट. विमानतळावर वावरायला एसिक नावाचं सुरक्षा ओळखपत्रही लागतं. त्यासाठी पार्श्वभूमी तपासतात आणि त्यात आठवडे जातात, म्हणून तो अर्ज लवकर टाका.

व्हिसाचं नीट बघा, कारण पुष्कळजण इथेच अडकतात. विद्यार्थी व्हिसावर कॉलेज चालू असताना पंधरवड्याला ४८ तासच काम करता येतं. ४६२ क्रमांकाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा आता भारतीयांनाही खुला आहे. वय १८ ते ३०, जागा वर्षाला १०००, निवड सोडतीने. त्यावर एका मालकाकडे साधारणपणे सहा महिनेच राहता येतं, पण आपला हंगामही तेवढाच असतो.

हा हंगाम म्हणजे मे ते ऑक्टोबरचा कोरडा काळ. सिडनी-मेलबर्नला आपली माणसं आहेत, मंडळं आहेत, गणपती आहे. पण दोनशे तासांवर पहिलं काम मिळतं ते उत्तरेला: डार्विन, कुनुनुरा, ब्रूम. कुनुनुराहून पर्यटकांना लेक अर्गाइल आणि बंगल बंगलच्या पट्टेदार डोंगरांवरून फिरवून आणतात. डार्विनहून आर्नहेम लँडच्या वस्त्यांना माणसं आणि सामान जातं, पावसाळ्यात तिथले रस्ते बंद पडतात. विमानं छोटी: सेसना २०६, २१० आणि एअरव्हॅन.

मे महिन्यात पर्यटक येणार म्हणून चीफ पायलट फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये माणसं शोधतात. ईमेलने सीव्ही पाठवून फारसं काही होत नाही. मी ४३ पाठवले होते आणि उत्तरं आली दोन, दोन्ही नकाराची. काम मिळालं ते डार्विनमध्ये राहून, सकाळी कॅफेत काम करून आणि दुपारी हँगरच्या दारात जाऊन. चेहरा ओळखीचा लागतो. एखादा पायलट सोडून गेला की चीफ पायलट आधी गावात कोण आहे ते बघतो.

माझी पहिली चाचणी विमानात झालीच नाही. चीफ पायलटने एक वजनकाटा पुढे सरकवला आणि म्हणाला, "पाच प्रवासी, बाहेर ३५ डिग्री, धावपट्टी मातीची. इंधन किती घेशील?" अॅवगॅस, म्हणजे छोट्या विमानांचं पेट्रोल, लिटरला ०.७२ किलो, म्हणजे १०० लिटरचे ७२ किलो, हे मला पाठ होतं. पण प्रवाशांना काट्यावर उभं करायला मी संकोचले. आपल्याकडे पाहुण्याला कोणी वजन विचारत नाही. इथे विचारावंच लागतं, आणि सांगितलेल्या आकड्यावर विसंबायचं नाही. उकाड्यात हवा विरळ होते, विमानाला जास्त पट्टी लागते, आणि जास्तीचे वीस किलो शेवटच्या झाडांपाशी जाणवतात.

नाही म्हणायलाही शिका. साहेबांनी सांगितलं म्हणजे करायचं, या सवयीने आपली मुलं वाढलेली असतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये डार्विनच्या उत्तरेच्या टिवी बेटांवर दुपारी हेक्टर नावाचं वादळ उठतं, जवळजवळ रोज, त्याच जागी. ढग २० किलोमीटरपर्यंत चढतो. पुढे असं काही दिसलं तर वळून परत या. त्यासाठी रागावणाऱ्या चीफ पायलटकडे काम करू नका.

आणि फुकट राबू नका. एका कंपनीने मला "पुढच्या महिन्यात उडवशील" म्हणत चार महिने विमानं धुवायला लावली. एक डॉलर दिला नाही, आणि पायलटची सीट शेवटी उड्डाणाच्या तासांसाठी स्वतःच पैसे भरणाऱ्याला दिली. त्याचं मला आजही वाईट वाटतं. पायलटांच्या किमान पगारासाठी इथे एअर पायलट्स अवॉर्ड नावाचा कायदेशीर नियमसंच आहे, तो येण्याआधीच वाचून ठेवा. हँगरमधलं काम जरूर करा, पण पगार घेऊन.

गाडीने येणार असाल तर अॅडलेडहून स्टुअर्ट हायवेने सुमारे ३००० किलोमीटर आहेत. पाण्याचे कॅन भरून घ्या आणि अंधार पडला की थांबा, रस्त्यावर कांगारू असतात. पोचायच्या दोन दिवस आधी कळवा. आमची मागची खोली मार्चअखेरपर्यंत मोकळी असते.