प्रोटीन डोनट रबरासारखे होतात? या चुका टाळा

पहिल्या खेपेच्या माझ्या डोनटात दोन स्कूप व्हे पावडर (दूध फाटल्यावर उरणाऱ्या निवळीपासून केलेली प्रोटीन पावडर) होती, चार अंड्यांचा नुसता पांढरा भाग होता आणि मूठभर ओट्सचं पीठ होतं. तेल नाही, तूप नाही, साखर नाही. ओटीजीतून (घरगुती विजेच्या छोट्या भट्टीतून) बाहेर आले तेव्हा इतके देखणे दिसत होते की मी फोटोही काढले. जिमला जाणाऱ्या पुतण्याने एक उचलला, तोडायला गेला, तुटेना. मग तो मनगटात सरकवून बघत म्हणाला, "काकू, याच्या पाटल्या छान होतील."

त्यानंतरही बऱ्याच पाटल्या झाल्या. आता डोनट होतात. चिवट झाला, कोरडा पडला, घशात अडकतो, दुसऱ्या दिवशी दगड झाला, अशा ज्या तक्रारी या पदार्थाबद्दल ऐकू येतात, त्यांतल्या बहुतेक ओलाव्याच्या असतात. प्रोटीन वाढवायच्या नादात आपण तेल, साखर, अंड्याचा बलक काढून टाकतो. म्हणजे ओलावा धरून ठेवणारी माणसंच घराबाहेर काढतो आणि वर पाणी शोषणारी पावडर आत घेतो.

आणखी एक आधीच सांगून टाकते. हा बेकरीतला यीस्टचा, तळलेला डोनट नाही. हा डोनटच्या आकाराचा केक आहे. तळणीतून येणारा तो लुसलुशीतपणा भट्टीत येणार नाही. ती अपेक्षा ठेवून केलात तर चांगला झालेलाही फसल्यासारखा वाटेल.

सगळ्यात मोठी चूक: व्हेचा भडिमार

व्हे पावडर गरम दुधात टाकून बघा, लगेच गुठळ्या धरते. व्हेमधलं प्रोटीन साधारण ७० ते ८० अंशांच्या आसपास आळायला लागतं, अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर घट्ट होतो तसंच. पिठातला स्टार्च मात्र शिजताना पाणी पिऊन फुगतो आणि ते पाणी मऊपणाच्या रूपात पदार्थात राहतं. व्हे ते काम करत नाही. ती आवळून बसते, पाणी बाहेर ढकलते आणि उरतं ते रबर.

म्हणून माझा नियम असा: कोरड्या पिठांच्या एकूण वजनात व्हे पाव हिश्शाच्या वर जाऊ द्यायची नाही. आयसोलेट, म्हणजे जास्त शुद्ध केलेली व्हे, असेल तर त्याहून थोडी कमीच, कारण त्यात प्रोटीन जास्त आणि कोरडेपणाही जास्त. बाकीचं प्रोटीन ओल्या गोष्टींतून आणायचं, म्हणजे चक्का, अंडी, दूध.

सगळ्या पावडरी सारख्या असतात असं समजून एकीच्या जागी दुसरी घालू नका. केसीन हे दुधातलं दुसरं प्रोटीन भरपूर पाणी पितं, व्हेच्या मापाने घातलंत तर मिश्रण पाच मिनिटांत पुरणासारखं होतं. मटाराचं प्रोटीनही पाणी ओढतं. दर स्कूपमागे दोन-तीन चमचे दूध जास्त लागतं, आणि त्याची मातकट चव झाकायला कोको किंवा जायफळ हवंच.

स्कूपचाही भरवसा धरू नका. कुणाचा २५ ग्रॅमचा, कुणाचा ३५ चा, आणि दाबून भरला की आणखी वेगळा. कपांचंही तेच, काही २४० मिलिलिटरचे तर काही २५० चे. पोह्यांत मूठभर इकडेतिकडे चालतं, इथे चालत नाही. छोटा वजनकाटा घ्या.

माझं आठ डोनटांचं प्रमाण असं: कणीक ७० ग्रॅम, भाजलेलं बेसन ३० ग्रॅम, व्हे ३० ग्रॅम, घट्ट चक्का १२० ग्रॅम, दोन अख्खी अंडी, दूध ६० मिलिलिटर, तेल किंवा पातळ तूप दोन मोठे चमचे, गुळाची पावडर ६० ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा, खायचा सोडा पाव छोटा चमचा, चिमूटभर मीठ, वेलची. बेसन मंद आचेवर कोरडंच भाजायचं, लाडवाइतका रंग नको, कच्चा वास गेला की बस. आणि पूर्ण गार होऊ द्यायचं. बेसन कच्चं घातलं तर डोनट खाताना पिठल्याची आठवण येते. एरवी पिठलं मला प्रिय आहे, पण वेलचीबरोबर नाही.

हेल्दी म्हणून सगळंच वगळणं

तेल शून्य करू नका. आठ डोनटांत दोन चमचे म्हणजे एकाच्या वाट्याला पाव चमचा. तेवढ्यानेच चिवटपणा तुटतो. त्याहून कमी करायचं असेल तर एक चमचा तेल ठेवा आणि लाल भोपळ्याचा वाफवलेला गर ७०-८० ग्रॅम घाला, दूध तेवढं कमी करा. घारगे करणाऱ्या घरांत हे वेगळं सांगायला नको. भोपळा गोडवा देतो, रंग देतो आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ओलावा धरतो. केळंही चालतं, पण मग सगळ्याला केळ्याचाच वास येतो.

बलकही काढू नका. नुसत्या पांढऱ्या भागाने काय होतं ते पाटल्यांच्या प्रकरणात आलंच आहे. बलकात चरबी असते आणि तेल-पाणी एकत्र बांधून ठेवणारं लेसिथिन असतं.

गोडाच्या बाबतीत दोन टोकं दिसतात. एक म्हणजे "गूळ आहे, मग कितीही घाला". गुळाचे उष्मांक साखरेच्या जवळपासच असतात, हे मान्य करूनच तो वापरावा. मी तो चवीसाठी आणि ओलाव्यासाठी घालते. दुसरं टोक म्हणजे साखर काढून स्टीव्हियाचे (एका वनस्पतीपासून मिळणाऱ्या गोडीचे) चार थेंब. साखर पदार्थाला नुसता गोडवा देत नाही, वजन, ओलावा आणि तपकिरी रंगही देते. तो ६० ग्रॅमचा खड्डा चार थेंबांनी भरत नाही. एरिथ्रिटॉल हा साखरेसारखा दिसणारा पर्याय घातला तर गार झाल्यावर त्याचे खडे परत धरतात आणि दाताखाली कचकचतात, म्हणून तो दळून आणि बेतानेच घालावा. ॲस्पार्टेम हे कृत्रिम गोडवा देणारं रसायन भट्टीच्या उष्णतेत गोडी गमावतं, ते इथे नकोच. शिवाय तुमची व्हे चॉकलेट किंवा व्हॅनिला स्वादाची असेल तर ती आधीच गोड असते. मिश्रण करण्याआधी चिमूटभर जिभेवर ठेवून बघा.

घोळ फेटणं आणि सोड्याच्या गमती

ओले जिन्नस एका भांड्यात, कोरडे दुसऱ्यात चाळून. गूळ ओल्यात विरघळवून गाळून घ्या, नाहीतर डोनटात काळे ठिपके राहतात. दोन्ही एकत्र केल्यावर पीठ दिसेनासं होईपर्यंतच हलवायचं. कणकेत ग्लुटेन (गव्हाचं चिकट, ताणलं जाणारं प्रोटीन) आहे, फेटत राहिलात की ते ताणलं जातं. मिश्रण इडलीच्या पिठापेक्षा घट्ट, पण चमच्यावरून आपोआप गळून पडणारं हवं. चमच्याला चिकटून बसलं तर एक-एक चमचा दूध घाला. व्हे आणि बेसन दोन-तीन मिनिटांत पाणी ओढतात, त्यामुळे पहिल्या नजरेला पातळ वाटलं म्हणून घाईने पीठ वाढवू नका.

ओट्स वापरत असाल तर ते दही-दुधात पंधरा मिनिटं आधी भिजवा आणि बेकिंग पावडर, सोडा अगदी शेवटी घाला. सोडा घालून मिश्रण ओट्यावर ठेवलं आणि मग साच्याला तूप लावायला घेतलं, की बुडबुडे तिथेच संपतात.

जुनी बेकिंग पावडर हे बसक्या डोनटचं फार साधं कारण आहे. चमचाभर पावडर गरम पाण्यात टाका, फसफसून वर आली तर ठीक. सोडा तपासायचा तर त्यावर व्हिनेगर किंवा लिंबू पिळा. पण फुगले नाहीत म्हणून पुढच्या वेळी सोडा दुप्पट करू नका. दह्याच्या आंबटपणाला पुरेल तेवढाच सोडा खपतो, उरलेला साबणासारखी चव देतो आणि रंग काळपट करतो.

एकदा मी बियांचं पीठ म्हणून सूर्यफुलाच्या बिया वाटून घातल्या. डोनट आतून हिरवे. बुरशी समजून फेकणार होते. सूर्यफुलाच्या बियांतलं क्लोरोजेनिक आम्ल सोड्याच्या संगतीत हिरवं पडतं. खायला काही धोका नाही, पण पाहुण्यांसमोर ठेवण्यासारखं ते नव्हे.

भट्टी, साचा आणि ते भोक

मेदूवड्याला भोक का असतं, तर मधला भाग कच्चा राहू नये म्हणून. डोनटचंही तेच. साचा काठोकाठ भरलात की फुगलेलं मिश्रण भोक गिळून टाकतं आणि मग कडा करपतात तरी मधलं ओलं. दोन तृतीयांश भरा, पिशवीचा कोपरा कापून त्यातून भरलं तर सांडत नाही.

ओटीजी १७० अंशांवर पंधरा मिनिटं आधी तापवा. बटणावर १७० असलं तरी आत तेवढेच असतील असं नाही, माझा ओटीजी तर वीस अंशांनी तापट आहे. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घेतल्यापासून निम्मी भांडणं मिटली. धातूच्या साच्यात १० ते १२ मिनिटं पुरतात. सिलिकॉनचा साचा उष्णता हळू घेतो, दोन-तीन मिनिटं जास्त लागतात आणि रंगही फिका येतो. तो रंग यावा म्हणून जास्त वेळ ठेवलात की वाळलेच. एअर फ्रायरचा पंखा वरचा भाग लवकर वाळवतो, तिथे १५५-१६० अंशांवर ८ मिनिटांनी बघायला लागा. साध्या मायक्रोवेव्हमध्ये, कन्व्हेक्शनशिवाय (म्हणजे भट्टीसारखी गरम हवा फिरवायची सोय नसेल तर), हे करूच नका.

सळई घालून बघताना ती कोरडी ठाक निघायची वाट बघू नका. तिला दोन-चार ओलसर कण चिकटले की बाहेर काढा, उरलेलं स्वतःच्या उष्णतेत शिजतं. या पदार्थात दोन मिनिटांचा उशीर लगेच कळतो. साच्यात पाच मिनिटांहून जास्त ठेवू नका, तळाला घाम येऊन ते ओलेकिच्च होतात.

अंडं न खाणाऱ्यांनी

अंडी काढून त्या जागी आणखी एक स्कूप व्हे, ही शाकाहारी घरांत दिसणारी चूक. अंड्याचं बांधून ठेवण्याचं काम व्हेवर सोपवलं की ती आवळण्याचं काम दुप्पट जोमाने करते. दोन अंड्यांसाठी दोन मोठे चमचे जवसाची पूड सहा चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवा, चक्का ३० ग्रॅम वाढवा आणि व्हे २० ग्रॅमवर आणा. डोनट जरा दाट होतात, पण चांगले लागतात.

प्रोटीनचा हिशोब

वरच्या प्रमाणात सगळं मिळून साठेक ग्रॅम प्रोटीन आहे: व्हेचं २३, अंड्यांचं १२, चक्क्याचं १०, कणीक-बेसनाचं १४-१५ आणि थोडं दुधाचं. आठांत वाटलं की एका डोनटात साडेसात ग्रॅम. "एका डोनटात २० ग्रॅम" असं कुणी सांगितलं तर तो केवढा आहे आणि चावता येतो का, हे दोन्ही विचारा. आयसीएमआर या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढांसाठी दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन सुचवलं, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. त्यातले १५ ग्रॅम दोन डोनटांतून आले तर ते पुष्कळ झालं. उरलेलं उसळ-आमटी-दह्याचं काम. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी मात्र कुठलीही प्रोटीन पावडर डॉक्टरांना विचारूनच घ्यावी.

वरचा थर आणि उरलेले डोनट

गरम डोनटावर चक्क्याचा थर लावला की तो पाघळून ताटलीत उतरतो. अर्धा तास तरी थांबा. चक्क्यात थोडी व्हे, वेलची आणि गरज वाटली तर चमचाभर दूध, एवढंच; गार डोनटावर सुरीने पसरा, वर पिस्त्याचे काप. श्रीखंडाची सवय असलेल्या जिभेला हे लगेच पटतं.

उघड्यावर हे चार तासांत वाळतात. गार झाल्याबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा, तीन दिवस टिकतात. थर न लावलेले फ्रीझरमध्ये एकेक गुंडाळून महिनाभर. खाताना मायक्रोवेव्हमध्ये फ्रिजमधल्याला १२-१५ सेकंद, बाजूला अर्ध्या वाटीभर पाण्याचा कप ठेवून. तिसावं सेकंद उलटलं की परत पाटली.